रेंज आली, मोकळीक कधी?



ज्या गावात स्वातंत्र्यानंतर पन्नास वर्षांत धड रस्ता आला नाही, जिथे शेतीपंपाची वीज अजून रात्री-बेरात्री येते, उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या गावात इंटरनेट मात्र पोचले. वखर हाकणाऱ्या पोराच्या खिशात पोचले. हे कसे घडले, कोणामुळे घडले आणि त्यातून कापूस-ज्वारी पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले, याचा हिशेब जिल्ह्याच्या बैठकीपूर्वी मांडणे आम्हाला जरुरीचे वाटते. कारण या हिशेबात शेतीच्या प्रश्नाचे उत्तरही दडलेले आहे.

तारेच्या टेलिफोनचा काळ थोरल्या मंडळींना आठवत असेल. फोन ही सरकारची मक्तेदारी होती. अर्ज करायचा, पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहायची. गावात एखाद्या पोस्टात किंवा पाटलाच्या वाड्यात फोन असे, तोही पावसाळ्यात मुका. देश गरीब आहे, फोन ही चैन आहे, असे विद्वान मंडळी सांगत. १९९४ साली नवे दूरसंचार धोरण आले आणि खाजगी कंपन्यांना दार किलकिले झाले. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांच्याशी मोबाइलवरून पहिले संभाषण केले. इंटरनेटही त्याच वर्षी १५ ऑगस्टला लोकांसाठी खुले झाले, पण ते सरकारी कंपनीकडूनच घ्यावे लागे. ही मक्तेदारी १९९८ साली सुटली.

दार किलकिले झाले, पण उंबरठ्यावर सरकार बसलेलेच होते. कंपन्यांकडून परवान्यापोटी भरमसाट रक्कम आधीच उकळली गेली. त्याचा बोजा गिऱ्हाइकावर आला. दुसऱ्याने आपल्याला फोन केला तरी पैसे आपणच भरायचे, असा तो काळ होता. १९९९ च्या धोरणाने आगाऊ फीऐवजी उत्पन्नातला हिस्सा घ्यायचे ठरले आणि गाडी हलली. २००३ साली येणारे कॉल फुकट झाले. त्यानंतर मोबाइल तालुक्याच्या गावात उतरला आणि तिथून खेड्यात गेला. सरकारने एक पाऊल मागे घेतले की सामान्य माणूस चार पावले पुढे जातो, हे इथे ढळढळीत दिसले.

खेड्यात बिनतारी इंटरनेट न्यावे, हा विचार या देशातल्याच माणसांनी आधी केला होता. मद्रासच्या आयआयटीत प्रा. अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात ‘कॉर्डेक्ट’ नावाची यंत्रणा उभी केली. मनोरा आणि घर यांच्यात आडोसा नसेल तर दहा किलोमीटरपर्यंत तारेशिवाय फोन आणि इंटरनेट दोन्ही चालत. वेग आजच्या मानाने मुंगीचा. पण गरीब देशात तांब्याची तार घरोघर ओढणे परवडत नाही, ती चोरीलाही जाते, तेव्हा शेवटचा टप्पा हवेतूनच पार केला पाहिजे, ही त्यांची दृष्टी अचूक ठरली.

आपल्याकडे कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला १९९८ साली गावे संगणकाने जोडण्याचा मोठा सरकारी प्रकल्प सुरू झाला होता. गावागावांत संगणकांची केंद्रे बसली. काही वर्षांनी काही गावांत निराळाच प्रयोग झाला. ऊस उत्पादकाला त्याच्या उसाच्या वजनाची आणि खात्याची माहिती साध्या मोबाइलवरच्या संदेशातून मिळू लागली आणि संगणकाचे काम त्या लहानशा यंत्राने केले. यातला धडा साधा आहे. ज्या खोलीची किल्ली दुसऱ्याकडे असते, तिथली सोय आपली नसते. खिशातली असते तीच आपली.

खरी उसळी मात्र २०१० नंतरची. त्या वर्षी सरकारने थ्री-जी आणि ब्रॉडबँडच्या लहरींचा लिलाव केला. दोन्ही मिळून तिजोरीत एक लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम आली. २०१२ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याआधी वाटलेले १२२ टू-जी परवाने रद्द केले. त्याच वर्षी फोर-जीची सुरुवात झाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी ‘जिओ’ बाजारात उतरली आणि तिने काही महिने इंटरनेट फुकट वाटले. बाकीच्या कंपन्यांना दर खाली आणण्यावाचून गत्यंतर उरले नाही. २०१४ साली एक जीबी डेटामागे गिऱ्हाईक सरासरी २६९ रुपये मोजत होते. २०१८ पर्यंत तोच दर बारा रुपयांच्या आसपास आला. मार्च २०२५ अखेर देशात ब्रॉडबँडचे सुमारे ९४ कोटी ग्राहक होते. त्यात तारेवरचे जेमतेम चार कोटी. बाकी सारे हवेतले.

याच्या शेजारी सरकारी योजना ठेवून पाहा. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतूची तार नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली. तिलाच पुढे ‘भारतनेट’ नाव मिळाले. अडीच लाख ग्रामपंचायती दोन-तीन वर्षांत जोडायच्या होत्या. मुदती लोटल्या, नावे बदलली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये याच कामासाठी आणखी १ लाख ३९ हजार कोटींच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी द्यावी लागली. यासाठी पैसा नव्हता असेही नाही. खेड्यांना सेवा देण्याच्या नावाने कंपन्यांच्या महसुलातला पाच टक्के हिस्सा २००२ पासून एका निधीत जमा होतो. तो शेवटी गिऱ्हाइकाच्या खिशातूनच जातो. म्हणजे रिचार्ज मारणाऱ्या शेतमजुरानेही या योजनेची वर्गणी भरलेली आहे. ग्रामपंचायतीच्या कपाटात धूळ खात पडलेली पेटी कोणाच्या पैशाची, हे ध्यानात ठेवावे.

येथे गैरसमज नको. आम्ही कोणा कंपनीचे भाट नाही. कंपनी पुण्य करायला येत नाही, नफा कमवायला येते. तिला वठणीवर ठेवते ती स्पर्धा. स्पर्धा होती तेव्हा दर कोसळले. एकेकाळी दहा-बारा कंपन्या होत्या. त्यातल्या कित्येक बुडाल्या किंवा दुसऱ्यांत विलीन झाल्या. तीन खाजगी आणि सरकारी बीएसएनएल एवढ्यावर मामला आला. लगेच जुलै २०२४ मध्ये तिन्ही खाजगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. वाढ होती अकरा टक्क्यांपासून पंचवीस टक्क्यांच्या आसपास. मार्केट यार्डात तीनच खरेदीदार उरले म्हणजे बोली कशी लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मक्तेदारी सरकारची असो की शेठजीची, नागवला जातो तो अडलेलाच. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच बजावले आहे. त्या वापरायला दिल्या म्हणजे मालकी दिली, असे होत नाही.

आता गावाकडे या. एप्रिल २०२४ ची सरकारी आकडेवारी सांगते की देशातल्या ६ लाख ४४ हजार गावांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक गावांत थ्री-जी किंवा फोर-जी पोचले आहे. आकडा ऐकून छाती फुगते. पण हा आकडा गावाचा आहे, शिवाराचा नव्हे. गावठाणात पारावर बसलेल्याला रेंज मिळते. तीन किलोमीटरवर नाल्यापलीकडे ज्याचे कोरडवाहू रान आहे, त्याला फोन हातात धरून धुऱ्यावर फिरावे लागते. त्याच वर्षी मार्चअखेर इंटरनेटच्या ९५ कोटी जोडण्यांपैकी ग्रामीण भागात सुमारे ४० कोटी होत्या. आणि लोकसंख्या मात्र खेड्यात जास्त. इंडिया आणि भारत यांच्यातली भिंत हवेतही उभी आहे.

असे का होते, तेही समजून घेऊ. लहरी दोन तऱ्हेच्या. सातशे-नऊशे मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही शिरतात. तेवीसशे-पस्तीसशेच्या लहरींवरून माहिती भरपूर जाते, पण पल्ला आखूड. विरळ वस्तीच्या कोरडवाहू मुलखाला लांब पल्ल्याच्या लहरी हव्यात. पैकी सातशे मेगाहर्ट्झच्या लहरी सरकारने २०१६ साली लिलावात काढल्या तेव्हा किमान किंमत एवढी चढवून ठेवली की एकही बोली लागली नाही. २०२१ साली पुन्हा तेच. २०२२ मध्ये किंमत उतरवल्यावर त्या एकदाच्या विकल्या गेल्या. खेड्याच्या कामी येणारी लहर सहा वर्षे पडीक राहिली. लहर साठवता येत नाही. आज वापरली नाही तर आजची वाया गेली. पेरणीचा वाफसा वाया जावा तसे हे नुकसान आहे, पण त्याचा पंचनामा कोणी केला नाही.

दुसरी गोष्ट. एका टॉवरचा वेग त्याच्यावरच्या सगळ्या फोनांत वाटला जातो. एका डीपीवर पाच मोटारी चालतात तिथे वीस लागल्या की जे होते, तेच संध्याकाळी टॉवरचे होते. शहरात टॉवर जवळजवळ असतात, खेड्यात चार-पाच गावांना मिळून एक. त्यात भारनियमन. वीज गेली, बॅटरी संपली की टॉवर झोपला. हे कंपनीला कळत नाही असे नाही. पण ज्या टॉवरवर गिऱ्हाईक थोडे आणि रिचार्ज लहान, तिथे ती हात आखडता घेते. शेतकऱ्याच्या खिशात पैसा नाही म्हणून टॉवर नाही. आणि खिशात पैसा का नाही, हे सांगण्यासाठी तर आपली पत्रके निघतात.

एवढे असूनही तक्रार फक्त रेंजची असती तर आम्ही अग्रलेख खर्ची घातला नसता. मेख पुढे आहे. हवेतून आलेल्या या मोकळ्या सोयीची सरकारने शेतकऱ्यासाठी वेसण करून टाकली.

पिकाची पाहणी करून सातबाऱ्यावर नोंद करणे हे तलाठ्याचे काम होते. त्यासाठी त्याला पगार आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ते शेतकऱ्याच्या गळ्यात आले. शेतात उभे राहून, पिकाचा फोटो काढून, ॲपवर नोंद शेतकऱ्याने करायची. तिला नाव ई-पीक पाहणी. २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनसाठी हेक्टरी पाच हजारांची मदत २०२४ साली जाहीर झाली तेव्हा ई-पीक पाहणीची अट घातली गेली. ओरड झाल्यावर सातबाऱ्यावरची नोंद मान्य करावी लागली. गारपिटीने किंवा पाणी साचून पीक गेले, तर पीकविम्यासाठी ७२ तासांत कळवायचे. वादळाने टॉवरच मान टाकली असेल तर घड्याळ थांबत नाही. शेतकरी ओळखपत्र काढा, नाही तर योजना नाहीत, हा महाराष्ट्र सरकारचा दंडक एप्रिल २०२५ मध्ये आला. त्याच वर्षी कापूस निगमने हमीभावाने विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी सक्तीची केली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याला ८११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७७१० रुपये हमीभाव जाहीर होता. तो मिळवायचा तर आधी फोन, मग आधार, मग ओटीपी.

हा ओटीपी कोणाकडे जातो? सातबारा आजीच्या नावावर, आधारला जोडलेला नंबर पुण्यात कंपनीत काम करणाऱ्या नातवाचा, तो ड्यूटीवर, फोन लॉकरमध्ये. कापूस इकडे घरात पडून. नवऱ्यामागे शेत सांभाळणाऱ्या बाईच्या हाती तर बऱ्याचदा साधा बटनाचा फोनही नसतो. मग तालुक्याच्या दुकानात जायचे, दिवस बुडवायचा, फॉर्म भरणाऱ्याला पैसे द्यायचे. कागदी अर्जाच्या काळातला दलाल गेला, आता तो खुर्चीवर संगणक घेऊन बसला. लायसेन्स-परमिटचे राज्य गेले म्हणून कारखानदारांनी १९९१ साली पेढे वाटले. शेतकऱ्याच्या दारी तेच राज्य ॲपचे सोंग घेऊन आले आहे.

ॲप वाईट आणि कागद चांगला, असे आम्ही म्हणत नाही. ज्याला जमते त्याने घरबसल्या काम करावे, हेलपाटा वाचवावा. तक्रार सक्तीची आहे. रस्ता केला म्हणून पायी चालणाऱ्याला दंड करायचा नसतो.

आता शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. फोनवर भाव कळला म्हणजे शेतकऱ्याचे भले होईल, असे शहरातले तज्ज्ञ सांगतात. त्यासाठी केरळच्या मासेमारांचा दाखला देतात. दाखला खरा आहे. १९९७ ते २००१ या काळात केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल पोचला. तारली पकडणारे कोळी समुद्रातूनच फोन करून कोणत्या बंदरात भाव आहे ते विचारू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. बंदराबंदरातल्या भावातला फरक कमी झाला, मासळी फेकून देणे थांबले, मासेमारांचा नफा सुमारे आठ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी चार टक्के स्वस्त मिळाली. मधल्या मध्ये कोणाला लुटावे लागले नाही.

पण हे घडले कशामुळे? कोळ्याच्या हातात फोन होता, तसे सुकाणूही होते. भाव कळल्यावर नाव वळवायला त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कापूस उत्पादकाला हे सांगायला नको. १९७२ पासून या राज्यात एकाधिकार कापूस खरेदी होती. सीमेपलीकडे जास्त भाव आहे हे त्याला फोनवाचून कळत होते. बैलगाडी सीमेवर अडवली जात होती. माहितीची वाण नव्हती, वाट बंद होती. ती वाट २००२ साली खाजगी खरेदीला परवानगी मिळाली तेव्हा मोकळी झाली. त्या दिवशी गावात इंटरनेट नव्हते, तरी शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले.

आज नाकी दिसत नाहीत, पण ती उठलेली नाहीत, दिल्लीला हलली आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर, केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. ही बातमी आपल्याला पूर्वी आठवड्याने कळली असती, आता त्याच संध्याकाळी फोनवर कळली. फोनमुळे भाव पडायचे राहिले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा अशा सात शेतमालांचा वायदे बाजार बंद केला आणि त्या बंदीची मुदत पुढे पुन्हा पुन्हा वाढवली. पेरणीच्या वेळी चार महिन्यांनंतरच्या भावाचा अंदाज देणारा आरसाच फोडला आणि हातात ॲप दिले. एप्रिल २०१६ मध्ये ई-नाम सुरू झाले. देशभर एक बाजार म्हणून गाजावाजा झाला, पण व्यवहार बहुतांश त्या त्या बाजार समितीच्या आवारातलेच राहिले.

आणि जी तार हवेत आहे, ती एका हुकुमाने तोडताही येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकरी दिल्लीकडे निघाले तेव्हा हरियाणातल्या सात जिल्ह्यांत मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. त्या आंदोलनाच्या मागण्या पटोत न पटोत. त्या सात जिल्ह्यांत कितीकांचा व्यवहार, विद्यार्थ्यांचा अभ्यास, रोजचे पैशाचे देणे-घेणे ठप्प झाले, याचा विचार करावा. ज्या सोयीवर सरकार सारी कामे सक्तीने लादते, तीच सोय मनात येईल तेव्हा बंद करते. असा दुहेरी दोर गळ्यात असताना डिजिटल क्रांतीचे ढोल ऐकायचे कसे?

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत पुढील मागण्या ठरावाने मांडाव्यात, असे आम्ही सुचवतो.

१. शेतीच्या कोणत्याही कामासाठी ॲप सक्तीचे नको. तलाठी, कृषी सहायक आणि खरेदी केंद्र यांनी कागदावरचा अर्जही स्वीकारावा आणि त्याची पोच द्यावी.

२. रेंज नव्हती किंवा वीज नव्हती, या कारणाने पीकविम्याचा दावा वा हमीभावाची नोंदणी फेटाळू नये. ७२ तासांचे घड्याळ टॉवर बंद असताना चालू नये.

३. रेंजची मोजणी गावठाणात न करता शिवारात करावी आणि गावनिहाय नकाशा ग्रामपंचायतीत लावावा.

४. ग्रामीण सेवेच्या निधीतून जिल्ह्यात किती खर्च झाला आणि किती ग्रामपंचायतींची जोडणी प्रत्यक्ष चालू आहे, याचा हिशेब द्यावा.

५. लहरी विकताना तिजोरी भरण्याऐवजी स्पर्धा टिकवण्याकडे पाहावे.

६. शेतमालाच्या आयात-निर्यातीत आणि वायदे बाजारात हंगामाच्या तोंडावर होणारी ढवळाढवळ बंद करावी.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपापल्या शिवारात कुठे रेंज येते आणि कुठे नाही, कोणत्या ॲपवर कोणते काम अडले, किती हेलपाटे आणि किती रुपये गेले, हे एका कागदावर लिहून आणावे. गावागावाचे असे कागद एकत्र झाले म्हणजे साहेबांच्या टेबलावरच्या ९५ टक्क्यांच्या आकड्याला उत्तर तयार होईल.

गावात इंटरनेट कोणाच्या मेहेरबानीने आले नाही. धंद्याला मोकळीक मिळाली, स्पर्धा झाली, म्हणून आले. जी मोकळीक टेलिफोनला पचली, ती शेतीला मानवणार नाही असे म्हणणाऱ्याला एकच विचारावे. ती देऊन कधी पाहिली होती का?